गेनबा सरांचा प्रश्न

पत्र आलं तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात, मागच्या खोलीत नव्या पुस्तकांना क्रमांक घालत बसलो होतो. मार्च १९९६. शिपाई तातोबाने लिफाफा टेबलावर ठेवला आणि तिथेच उभा राहिला. त्याला तिकीट हवं होतं. मी लिफाफ्याचा कोपरा फाडून त्याला दिला आणि मग पत्र उघडलं.

वहीच्या रेघांच्या कागदावर निळ्या शाईतलं रशियन हस्ताक्षर होतं. आधी प्रकृतीची चौकशी, मग तिकडच्या थंडीबद्दल दोन ओळी आणि त्यानंतर एक प्रश्न : "दिगंबर विष्णुविच, त्या रविवारी नऊ नंबरची जर्सी सर्जेरावला मीच दिली का? तुम्ही तिथे होता. फक्त हो किंवा नाही एवढंच लिहा." त्याखाली आणखी तीन ओळी होत्या. त्या मी पुढे सांगेन. इतक्यात सांगायचा धीर होत नाही.

पत्र घरी नेऊन मी रशियन शब्दकोशात ठेवलं. त्यानंतर तो शब्दकोश उघडला नाही, आणि शब्दकोशाशिवाय माझं रशियन चालण्यासारखं नव्हतंच, त्यामुळे वाचनही थांबलं. एका माणसाने उरलेलं आयुष्य स्वतःला काय समजून काढायचं, ते माझ्या उत्तरावर ठरणार होतं. ते उत्तर माझ्याशिवाय आणखी एकाच माणसाकडे होतं, आणि तो ते देणार नव्हता.

मी कोल्हापूरचा. विशीत दोन वर्षं पुण्याला होतो, तेव्हा संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकलो. का शिकलो याचं नीट कारण मला सांगता येत नाही. त्या वर्गात कुणी फारसं बोलत नसे, ते मला आवडायचं. परत आल्यावर स्वस्तात मिळणारी रशियन पुस्तकं वाचायची, एखादी गोष्ट मराठीत करून बघायची आणि कपाटात ठेवून द्यायची, एवढाच त्या भाषेचा उपयोग उरला. रशियन माणसाशी मी कधी बोललो नव्हतो. खरं तर मराठी माणसांशीही बेताचंच.

१९९३ च्या दिवाळीनंतर रणमर्द तालमीचे अध्यक्ष रंगराव इंगवले, खेळाडूंचे अण्णा, ग्रंथालयात आले. आमच्याकडे फुटबॉल हा तालमींचा खेळ आहे. कुस्तीची माती मागे, पुढे फुटबॉलचे चषक, असं प्रत्येक तालमीत दिसतं. रंगरावांचा पुतण्या रशियात डॉक्टरकी शिकत होता. त्याने तिथला एक जुना खेळाडू एका हंगामापुरता प्रशिक्षक म्हणून पाठवला होता. माणूस येऊन आठ दिवस झाले होते आणि त्याचं कुणालाच काही कळत नव्हतं.

"गुरुजी, तुमाला रशियन येतंय म्हणं," रंगराव म्हणाले.

"वाचता येतं."

"मग बोलाय काय लागतंय? डोळ्यांनी वाचताय ते तोंडानं म्हणायचं."

मी नाही म्हणायला हवं होतं. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. ही माझी नम्रता आहे असं तेव्हा मला वाटायचं.

गेन्नादी पेत्रोविच लापशिन छप्पन्न वर्षांचा होता. उंच, टक्कल पडलेला, उजवा गुडघा न वाकणारा. बसला की तो पाय सरळ पुढे ठेवायचा आणि येणारे-जाणारे त्याला अडखळायचे. व्होल्गाकाठच्या एका ट्रॅक्टर कारखान्याच्या संघात तो नऊ वर्षं खेळला होता. एकोणतिसाव्या वर्षी खेळ संपला, मग त्याच कारखान्याच्या क्रीडाशाळेत पंचवीस वर्षं मुलांना शिकवलं. देश मोडला, कारखाना बंद पडला, शाळाही बंद झाली. खेळाडूंनी त्याचं नाव आठवड्याभरात गेनबा करून टाकलं. त्याला सांगितलं की हे इकडचं शेतकऱ्याचं नाव आहे, तर त्याला ते आवडलं. आमच्याकडेही मधे वडिलांचं नाव लावतात हे कळल्यावर त्याने माझ्या वडिलांचं नाव विचारून घेतलं आणि तेव्हापासून मी दिगंबर विष्णुविच झालो.

माझं रशियन ऐकून तो पहिल्या दिवशी खूप हसला. म्हणाला, तुम्ही शंभर वर्षांपूर्वीच्या जमीनदारासारखं बोलता. पण त्याला माझं बोलणं कळायचं. मी मधे उभा राहून सांगायचो आणि खेळाडू म्हणायचे, "गुरुजी, जरा जोरात. सर वरडत्यात आनि तुमी सत्यनारायन सांगितल्यागत सांगताय."

त्याची एक पद्धत होती. सामन्याच्या आदल्या दिवशी तालमीच्या अंगणात तो सगळ्या जर्सी स्वतःच्या हातांनी धुवायचा. धुवायला बाया आहेत, असं सांगून झालं, पण त्याने ऐकलं नाही. सामन्याच्या दिवशी खोलीत एकेकाला पुढे बोलवायचा, त्याच्या डोळ्यांत बघायचा, मग जर्सी हातात द्यायचा. ती मिळेपर्यंत आपण खेळणार की नाही हे कुणाला ठाऊक नसे. पहिल्याच वेळी त्याने त्याचा अर्थ सांगितला आणि मी तो मराठीत केला : ज्याच्या हातून जर्सी जाते, ती घालणाऱ्याच्या पायांना जबाबदार तो.

"म्हंजे आमी नारळ फोडतोय तसलंच," रंगराव म्हणाले.

पण खेळाडूंनी ते मनावर घेतलं. दोन महिन्यांत अशी स्थिती झाली की गेनबाच्या हातून आल्याशिवाय कुणी जर्सीला शिवेना.

त्या हंगामात संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. पुढे खेळायचा तो सर्जेराव लोहार, नऊ नंबर. तेवीस वर्षांचा, शिरोलीच्या एका फाउंड्रीत रोजावर कामाला. अंतिम सामन्याला एका साखर कारखान्याचे मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते, आणि सर्जेरावचा खेळ पसंत पडला तर कारखान्यात कायमची नोकरी, असं रंगरावांनी जमवून आणलं होतं. त्याच्या घरी मिळवता तो एकटाच होता.

गुरुवारी उपांत्य सामन्यात त्याच्या गुडघ्यावर कुणीतरी आदळलं. शुक्रवारी सकाळी गेन्नादी पेत्रोविचने तालमीच्या ओट्यावर त्याचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने गुडघा दाबून पाहिला. मग मला म्हणाला, आतला बंध तुटलाय, सहा महिने याने मैदानात पाऊल ठेवायचं नाही, ठेवलं तर पाय जाईल. हे मी रंगरावांना जसंच्या तसं सांगितलं. निदान त्या दिवशी तरी सांगितलं.

"सुई मारूया, पट्टी बांधूया," रंगराव म्हणाले, आणि त्यांनी दंडात सुई टोचल्यासारखं करून दाखवलं.

ते त्याला न सांगताच कळलं. त्याने उजव्या पायाची विजार वर केली. गुडघ्याभोवती जुनी, पांढरी पडलेली शिवण होती. १९६६ मध्ये, प्रांताच्या चषकाचा शेवटचा सामना होता, असं तो सांगू लागला. गुडघा सुजला होता, प्रशिक्षकाने सुई दिली, पाय बधिर झाला आणि तो नव्वद मिनिटं खेळला. त्यानंतर कधीच खेळला नाही. मी वाक्यावाक्याने सांगत गेलो. रंगरावांनी ते मन लावून ऐकलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पर त्या दिवशी जिंकला का न्हाई, ईचारा."

मी विचारलं.

"जिंकलो. एक-शून्य. गोल माझाच."

"मग झालं तर," रंगराव म्हणाले.

हे शेवटचं मी भाषांतर केलं नाही. त्याने मागितलंही नाही.

रविवारी तो सकाळपासून प्यालेला होता. एरवी कधी नाही, पण त्या दिवशी चालताना भिंतीला हात लावत होता. स्टेडियमच्या खोलीत खेळाडू यायच्या आधी त्याने मला कोपऱ्यात नेलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं माझ्या हातात दिलं.

"नऊ नंबर. कुणाला देऊ नका. मी मागितली तरी देऊ नका."

"तुम्ही कशाला मागाल?"

"मला जिंकायला आवडतं, दिगंबर विष्णुविच. मला सुई देणाऱ्यालाही आवडायचं. चांगला माणूस होता तो." मग माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "तुम्ही पुस्तकं सांभाळता. ही सांभाळा."

त्याने दहा जर्सी दिल्या, नऊ नंबरच्या जागी एका राखीव खेळाडूला पंधरा नंबर दिला आणि डोक्यावर पाणी घ्यायला बाहेरच्या नळावर गेला. नळ मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होता. तो गेला आणि रंगराव सर्जेरावला घेऊन आत आले. गुडघ्याला मांडीपर्यंत पट्टी होती. सुई देऊन झाली होती, कारण तो पाय जमिनीवर आपटून दाखवत होता.

"पाव्हनं आल्यात. ह्याची जर्सी कुठाय?"

 राखीव खेळाडूने अंगातली जर्सी काढायला सुरुवात केली.

"ती नगं मला," सर्जेराव म्हणाला. तो माझ्या हातातल्या पुडक्याकडे बघत होता. कागदाच्या फटीतून नऊचा गोल दिसत होता. "गुरुजी, सर काय म्हणाल्यात?"

रंगरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"गुरुजी," ते म्हणाले. एवढंच.

त्यानंतर मी खूप विचार केला आहे. मला त्यांची भीती वाटली का? ते मला मारणार नव्हते. माझी नोकरी त्यांच्या हातात नव्हती. खोलीत तेरा-चौदा माणसं होती, सगळी माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं थांबावं एवढंच मला हवं होतं. दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

"सरांनी दिलीय," मी म्हणालो आणि पुडकं पुढे केलं.

सर्जेरावने जर्सी कपाळाला लावली आणि घातली.

रंगराव मला लगेच बाहेर घेऊन गेले आणि पाहुण्यांच्या मंचावर, मागच्या रांगेत बसवलं. चहा आला. सामना सुरू झाल्यावर गेन्नादी पेत्रोविच ओल्या डोक्याने परतला, बाकावर बसला आणि बराच वेळ खाली बघत राहिला. अठराव्या मिनिटाला सर्जेरावने गोल केला. लोक उठले, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्या गोंगाटाने त्याने मान वर केली आणि त्याला नऊ नंबर दिसला.

तो उठला. ताठ पाय ओढत रेषेपर्यंत गेला आणि दोन्ही हात हवेत हलवत ओरडू लागला. बाहेर काढा त्याला. त्याला बाहेर काढा. एकेक शब्द मला मंचावर कळत होता.

"गेनबा पेटलाय आज," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

साहेबांनी विचारलं, काय म्हणतोय तुमचा कोच. रंगराव म्हणाले, "जोर लावा म्हणालाय." आणि त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

विश्रांतीला चार-पाच मिनिटं असताना सर्जेराव एकटाच वळला आणि पडला. कुणी धक्का दिला नव्हता. मला आवाज ऐकू आल्यासारखं अजून वाटतं, पण एवढ्या लांबून ते शक्य नाही.

सामना आम्ही जिंकलो. एक-शून्य.

मिरजेला त्याच्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. आठ दिवसांनी मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि गुडघा आता वाकणार नाही, हे त्याला आदल्या दिवशी सांगून झालं होतं. तो माझ्याशी नीट बोलला. मी मोसंबी सोलत बसलो.

"अन्नांचं मी ऐकलं नसतं, गुरुजी," तो म्हणाला. "घरातनं ठरवून आलतो, न्हाई खेळायचं. सुई बी म्हटलं मारू देत, अन्नांचं मन ऱ्हाऊ दे. जर्सी सर देनार न्हाईत म्हाईत व्हतं मला." मग त्याने विचारलं, "का दिली असंल हो त्यांनी?"

मी म्हणालो, मोसंबी गोड आहेत, खा.

त्याच आठवड्यात तालमीत बैठक झाली. सर्जेरावचे चुलते आले होते, भावकीतले आणखी चार जण होते. पोराला कुणी उतरवलं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. रंगरावांनी उत्तर दिलं : कोचने. जर्सी कोच देतो हे अख्ख्या पेठेला माहीत आहे, आणि त्या दिवशी तो पिऊन आला होता हे सगळ्यांनी बघितलंय. खेळाडूंनी माना डोलावल्या. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी माझं वाक्य ऐकलं होतं.

गेन्नादी पेत्रोविच तिथेच बसला होता, त्याला मला ते सांगावं लागलं. मी सांगितलं. त्याच्या भाषेत, वाक्यावाक्याने, तुम्ही दिलीत म्हणून.

तो माझ्याकडे वळला. खोलीत पंचवीस माणसं होती, पण ती भाषा आम्हा दोघांचीच होती. एखाद्या बंद खोलीत असल्यासारखा तो हळू आवाजात म्हणाला, "मी ती तुमच्याकडे ठेवली होती असं मला वाटतं. पण माझ्या डोक्यात त्या सकाळचं सगळं विस्कटलंय. मी परत मागून घेतली का?"

मी म्हणालो, "सगळे तसं म्हणतात."

"काय म्हणालाय त्यो?" रंगरावांनी विचारलं.

"त्यांना आठवत नाही म्हणतात," मी म्हणालो.

दोन भाषांत मिळून दोन वाक्यं. दोन्हींत एकही शब्द खोटा नव्हता. मी त्यावर नंतर बराच काळ स्वतःची समजूत घालत होतो.

त्याने मान खाली घातली. काही वेळ आपले हात उलटसुलट करून बघितले. मग उठला आणि सर्जेरावच्या चुलत्यासमोर जाऊन, वाकता येत नव्हतं म्हणून, तसाच ताठ उभा राहून त्याचे दोन्ही हात धरले. ते हात चुलत्याने झटकून टाकले.

तीन दिवसांनी तो गेला. स्टेशनवर मी एकटाच होतो. गाडी लागल्यावर तो म्हणाला की प्रवासाला निघण्याआधी मिनिटभर न बोलता बसायची आमच्याकडे रीत आहे. आम्ही बाकावर बसलो. तेव्हाही मला बोलता आलं असतं. पण रीतच न बोलण्याची होती, आणि मला ती सोयीची वाटली.

दोन वर्षांनी पत्र आलं. त्याच्या शेवटच्या तीन ओळी अशा होत्या : "आमची शाळा पुन्हा सुरू झाली आहे आणि त्यांनी मला मुलांना शिकवायला बोलावलं आहे. जर्सी मी दिली असेल तर मला तिथे जायचा हक्क नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत मी त्यांना थांबायला सांगितलं आहे."

मी उद्या लिहू म्हणालो. मग पुढच्या महिन्यात. मग इतका उशीर झाला की उशिराचंच कारण द्यावं लागलं असतं, आणि ते सापडेना. शाळेने किती दिवस वाट पाहिली असेल, याचा हिशेब मी दर मार्चमध्ये करायचो. नंतर तोही सोडला. रंगराव मध्यंतरी वारले. त्यांनी तो विषय माझ्याजवळ पुन्हा काढला नाही.

गेल्या महिन्यात मी डोळे दाखवायला गेलो होतो. माझं वय आता शहात्तर. परिचारिकेने डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास मिटून बसायला सांगितलं. बाकावर शेजारी आधीच कुणीतरी बसलं होतं, आणि बसताना मी त्याच्या सरळ ठेवलेल्या पायाला अडखळलो होतो.

"या गुरुजी," तो म्हणाला. "आवाजावरनं वळिकलं मी, त्या बाईला नाव सांगितलासा तवा. सर्जेराव."

त्यालाही थेंब घातले होते आणि त्याचेही डोळे मिटलेले होते, असं तो म्हणाला. त्याने ख्यालीखुशाली सांगितली. फाउंड्रीच्या फाटकावर इतकी वर्षं राखण करून नुकतंच काम सोडलं होतं. उभ्याने करायचं काम त्याला जमत नव्हतं आणि जमिनीवर बसायचंही. मग म्हणाला, "तुमच्या त्या गेनब्याचं काय झालं ओ? मेला असंल. मरू दे भाड्या."

डोळे मिटलेले नसते तर मी बोललो नसतो, हे मला माहीत आहे. धीर वगैरे काही आला नव्हता. कुणी बघत नव्हतं, एवढंच.

"सर्जेराव, जर्सी त्यांनी दिली नव्हती," मी म्हणालो. "माझ्याकडे ठेवली होती, कुणाला देऊ नका म्हणून. मी दिली."

 शेजारी कुणाचं तरी नाव पुकारलं, कुणी उठून गेलं. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"अन्नांनी धमकी दिलती?"

"नाही. नुसतं गुरुजी म्हणाले."



"तीस वरसं मी त्या मान्साला शिव्या घालतोय," तो म्हणाला. "पोरांसमोर घालतोय. नातवाला शिकवल्यात." मग, "त्याला तरी म्हाईत हाय का?"

"नाही. त्याने पत्र लिहून विचारलं होतं."

"कवा?"

"शहाण्णव साली."

"मग?"

मी गप्प राहिलो. ते त्याला पुरलं असावं. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला. पाय ओढल्याचा आवाज दोन पावलं गेला आणि थांबला.

"माझं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तुमचं तोंड मला आता दिसत न्हाई ते बरं हाय. आधी त्याला कळवा."

घरी येऊन मी शब्दकोश काढला. लिफाफ्याचा कोपरा नव्हता, पण पत्ता शाबूत होता. मी चार पानं लिहिली. त्यात माझा स्वभाव, माझे वडील, पुण्याचा वर्ग, सगळं आलं. ती फाडली. मग दोन पानं लिहिली, तीही फाडली. शेवटी ज्या गोष्टीसाठी शब्दकोश लागत नाही तेवढीच ठेवली : "नाही. जर्सी तुम्ही दिली नाही. मी दिली, आणि तुम्ही दिली असं सांगून दिली. सर्जेरावला आता माहीत आहे."

सोमवारी पोस्टात गेलो. खिडकीतल्या मुलीने लिफाफा उलटून बघितला. रशियाला कधी पोचेल सांगता येत नाही, म्हणाली, आणि पत्ता जुना दिसतोय. मी म्हणालो, जुनाच आहे. तो माणूस असला तर सत्याऐंशीचा असेल, हे तिला सांगितलं नाही.

"घाई आहे का, आजोबा?"

"हो."

"मग पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय बघा. वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहा."

मी पेन मागून घेतलं आणि तिथेच उभ्याने लिहिलं. तिने शिक्का मारला आणि पत्र मागच्या पिशवीत टाकलं.